कांताबाईचं नाक

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सासूने, कांताबाईने, घरभर जमलेल्या बायांसमोर माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हुंगले. मला वाटलं, मेंदीचा वास घेते आहे. तिने हात सोडले, पदराला नाक पुसलं आणि म्हणाली, "गोठ्याचा वास येते वो पोट्टीच्या हाताले." बाया पोट धरून हसल्या. मी तुमसरजवळच्या खेड्यातली. माहेरी खरोखरच दोन म्हशी होत्या, त्यामुळे उलटून बोलायचीही सोय नव्हती. त्या दिवसापासून मी त्या घरात 'गोठेवाली' झाले. माझं नाव नीलिमा आहे हे फक्त रेशनकार्डाला माहीत होतं.

ती गेल्यावर माझी मुलगी पिंकी म्हणाली, मम्मी, दादीबद्दल काहीतरी चांगलं लिहून दे, पुण्यानुमोदनाला वाचते. मी अर्धं पान चांगलं लिहून दिलं. कष्टाळू होत्या, झाडांवर जीव होता, वगैरे. बाया रडल्या. हे दुसरं लिहिते आहे ते कोणासमोर वाचायचं नाही.

आमचं घर रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्याच्या अंगाला. सासरे हरिदास रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते, नवरा इंद्रजीत सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या प्लांटमध्ये. खाली तीन खोल्या, वर गच्ची, आणि गच्ची कांताबाईची. पेंटचे रिकामे डबे, मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके, गंजलेल्या कूलरचा टब, अर्धा कापलेला लोखंडी ड्रम. सळई तापवून प्रत्येक डब्याच्या बुडाला भोकं ती स्वतः पाडायची. त्यांत पुदिना, ओवा, गवती चहा, सांबार, म्हणजे तुम्ही कोथिंबीर म्हणता ती, आणि ड्रमात गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता. धने पेरायच्या आधी ती फरशीवर पसरून चपलेखाली रगडायची, प्रत्येक दाण्याच्या दोन फाका झाल्याशिवाय मातीत टाकायची नाही. सिलतऱ्याची काजळी रोज आमच्या गच्चीवर उतरते, वाळत घातलेली चादर काढताना हात काळे होतात. कांताबाई पहाटे उठायची, कूलरच्या पंपाला नळी लावायची आणि पान न् पान धुवायची. तिच्यासारखा हिरवागार सांबार अख्ख्या मोहल्ल्यात कोणाकडे नव्हता. दातओठ खाऊन का होईना, हे मी कबूल करते.

पण गच्चीपेक्षा मोठं होतं तिचं नाक. पाहुणे आले की खेळ ठरलेला. डोळ्यांवर ओढणी बांधायची, कोणीतरी गच्चीवरून पान खुडून आणायचं, ती हुंगायची आणि सांगायची. नुसतं "पुदिना" नाही, "कूलरच्या टबातला पुदिना". नुसतं "सांबार" नाही, "थर्माकोलातला, काल पाणी द्यायचं राहिलं". सांगून झालं की पान तोंडात टाकायची आणि चावून गिळायची. लोक टाळ्या वाजवायचे. त्या नाकावर ती घर चालवायची. भाजीत हिंग कमी पडला, दूध कालचं आहे, इंद्रजीत कुठून काय पिऊन आला, सगळं तिला उंबरठ्यातच कळायचं. आणि तो पिऊन आला की बोलणी त्याला नाही, मला बसायची.

एकदा माझे बाबा आले. आईने दिलेला गुळाच्या शेवयांचा डबा गुडघ्यांवर धरून आठ तास बसून आले होते. कांताबाईने झाकण उघडलं, हुंगलं, झाकण लावलं आणि डबा त्यांच्यासमोरच गायीच्या बादलीत उपडा केला. "उन्हानं गेल्या वाटते," म्हणाली. शेवया चांगल्या होत्या. मी बादलीतून उचलून एक चिमूट खाऊन पाहिली होती. बाबा "हव, हव, उन्हानंच," म्हणाले आणि चहा न घेता निघाले. ते मी विसरले नाही. विसरायचंही नव्हतं.

सासऱ्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वॅगनवर घण मारून मारून त्यांचे कान गेले. कान गेले तशी घरातली त्यांची किंमतही गेली. पाहुणे असले की कांताबाई त्यांच्याकडे तोंड करून नुसतेच ओठ हलवायची, आवाज न काढता. बिचारे कपाळाला आठ्या घालून बघायचे, मग "हव, हव," म्हणून मान डोलवायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे, तेवढ्यापुरतं तरी हसणाऱ्यांत जागा मिळायची. ते गेले तेव्हासुद्धा कोणीतरी म्हणालं, बरं झालं, सुटले. आमच्या घरात ज्याचं काही कमी झालं त्याची अशी गत व्हायची, आणि ही रीत कांताबाईनेच घालून दिली होती.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये घरातल्या सगळ्यांना कोरोना झाला. रायपूरमध्ये तेव्हा खाटा मिळत नव्हत्या. आम्ही घरातच काढा पिऊन तगलो. माझा गेलेला वास महिन्याभरात परत आला. पिंकीचा आठवड्यात आला. कांताबाई म्हणाली, "माहा तर गेलाच नव्हता." आम्ही मानलं. ते नाक कुठे जाणार?

मला कळलं ते दीड वर्षाने. तांदळाच्या कोठीखाली उंदीर मरून पडला होता. घरात पाय ठेववत नव्हता. इंद्रजीत नाकाला रुमाल लावून जेवला. आणि कांताबाई त्या कोठीला पाठ टेकून सांबार निवडत बसली होती, दुपारभर, निवांत. मी दारात उभी राहून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. पालक आणि हिरवी मिरची वाटून पानात वाढली, पुदिन्याचं एक पानही न घालता. तिने बोट चाटलं, पिंकीच्या तोंडाकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "आज पुदिना कसा सुटला पाहा!"

मी "हो ना आई," म्हणाले. असा आनंद मला पिंकी झाली तेव्हाही झाला नव्हता. लाज वाटते लिहायला, पण झाला होता.

मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिची मूठ मी उघडी पाहिली होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. वर्षभर मी तिची कसरत पाहिली. पान बोटांनी चाचपायची, ओव्याचं जाड, पुदिन्याचं खरखरीत. कढईजवळ कान न्यायची, फोडणी कोणत्या आवाजाला आली ते ऐकायला. आम्ही नाक मुरडलं की ती आमच्या आधी म्हणायची, "कशाचा वास येऊन राहिला वो?" खेळाचा विषय निघाला की तिला सर्दी व्हायची. मला दिसत होतं, ती घाबरलेली होती. नाक गेल्याचं कळलं तर सासऱ्यांच्या जागेवर ती बसणार होती, आणि नाक नसलेल्या बाईच्या हातात गच्ची कोण ठेवणार? इंद्रजीत आधीपासूनच म्हणत होता, वर टीन टाकून खोली काढू. गच्ची गेली की कांताबाईकडे काही उरत नव्हतं.

चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, नागपूरहून नणंद चेतना आली. सकाळी सगळे मिरवणुकीला गेलो, दुपारी पोळ्या, वडे, खीर. पंधराएक माणसं बैठकीत. चेतनाला खेळ आठवला. पिंकीने फोन काढला, "दादी, रील बनाते हैं ना!" कांताबाई म्हणाली, मले सर्दी आहे. चेतना म्हणाली, "काय वो आई, माह्यासाठी एवढं नाही करत?" लेकीपुढे ती हरली. ओढणी मीच बांधली. गाठ मारताना तिच्या मानेवरचा घाम माझ्या बोटांना लागला.

पानं आणायलाही मीच गेले. आधी ओवा, तो तिने चाचपून सांगितला. मग पुदिना. मग गवती चहा, त्याची धार बोटाला लागताच कळतो. टाळ्या पडत होत्या. तिचा चेहरा खुलत चालला. मी परत वर गेले. गच्चीच्या कठड्याच्या भेगेत गाजरगवत उगवलं होतं. कोवळं होतं, तेव्हा त्याचं पान हुबेहूब सांबारासारखं, हाताला तसंच मऊ, कातरलेलं. वास मात्र कोणालाही कळेल असा वाईट. कडू इतकं की गुरं तोंड लावत नाहीत. मी खुडलं. खाली येताना जिन्यात थांबले होते, हेही खरं. थांबले आणि मग उतरले.

तिने बोटांत धरून फिरवलं. नाकाला लावून लांब श्वास घेतला. "सांबार," म्हणाली. "कूलरजवळच्या डब्यातला. अहाहा, काय वास आहे!"

पाहुण्यांपैकी कोणीतरी फुसकन हसलं. तिला वाटलं, कौतुकाने हसले. तिने पान तोंडात टाकलं आणि चावलं. नाक गेलं तरी जिभेला कडू कळतं. तिचे जबडे थांबले. तोवर सगळी बैठक हसत होती, चेतनासुद्धा, "आई, गाजरगवत खाऊन राहिली तू!" डोळ्यांवर ओढणी तशीच. सगळ्यांना वाटलं, आता थुंकेल. ती चावत राहिली आणि गिळलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं. गंमत केली." कोणी विश्वास ठेवला नाही. ओढणी मी सोडली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही, इंद्रजीतकडे पाहिलं. इंद्रजीत डोळे पुसत हसत होता.

पिंकीने रील टाकलं. आठवड्यात ते दोन लाख लोकांनी पाहिलं. भाजीवाला, गॅसवाला, सगळे विचारायचे, "दादी, घास कैसी लगी?" तिचे ओठ चार दिवस सुजलेले होते. इंद्रजीतने पाचव्या दिवशी जेवताना विषय काढला. "आई, तुले वास येत नाही तं वरच्या डब्यांचं काय काम? दिवाळीच्या आधी टीन टाकून घेतो." ती म्हणाली, "झाडाले नाक लागत नाही, हात लागतात. दिवाळीपर्यंत पाहाय तू. एक पान जरी बिनवासाचं निघालं तं मीच उपटून फेकीन." इंद्रजीतने खांदे उडवले. त्याला काय, दिवाळी सहा महिन्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात सांबाराच्या दोन काड्या. "नीलिमा," म्हणाली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"पाहून सांग वो, वास येते का?"

मी विचारलं, "मला काहून विचारता? पिंकीला विचारा."

"पिंकीच्या नाकाखाली काल मी रिकामी मूठ धरली. पोट्टी फोनात पाहून म्हणते, हाँ दादी, बढ़िया है. इंद्रजीतचं नाक प्लांटच्या धुळीनं गेलं. चेतना गोड बोलते. तू माह्याशी कधी गोड बोलली नाहीस. तू सांगशील ते खरंच असंल."

मी काड्या नाकाशी नेल्या. एप्रिलच्या उन्हातसुद्धा वास असा होता की तोंडाला पाणी सुटावं. मला बाबा आठवले, बादलीकडे बघून "हव, हव" म्हणणारे.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. वर गेली आणि तिन्ही खोक्यांतला सांबार उपटला. मी खालून ऐकत होते. दुपारी खाली आली तेव्हा नखांत माती होती. तिने नवे धने रगडले, नवी माती केली, वर ओली गोणपाटं टाकली, उन्हापासून वाचवायला हिरवी जाळी बांधली. उगवलं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दारात. "आता?" मी म्हणाले, "नाही." तिने पुन्हा उपटलं. तिसऱ्यांदा धने उगवलेच नाहीत, जूनमध्ये उगवतही नाहीत.

मग पुदिना. "सावलीत ठेवला म्हणून वास गेला असंल," असं तीच कारण देऊन मोकळी झाली. मला खोटं बोलायला कष्टही पडायचे नाहीत. टब रिकामा केला, मुळं धुतली, समता कॉलनीतल्या एका ओळखीच्या बाईकडून नव्या काड्या आणल्या, लावल्या. भरभरून आला. मी म्हणाले, नाही. तिने तोही फेकला. पावसाळ्यात ओवा गेला, मग गवती चहा. त्याची पाती हुंगून मी "गवतच आहे," म्हणाले, आणि ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं, नाहीतं इंद्रजीतसमोर फजिती झाली असती." माझे आभार मानायची ती. चहा झाला की मला आधी द्यायची. समोरच्या ममताला सांगायची, "माही सून लय सच्ची आहे."

तुम्ही म्हणाल, थांबायचं होतं. मलाही वाटायचं. रोज सकाळी वाटायचं, आज हो म्हणू. पण ती दारात येऊन उभी राहिली, मान थोडी वाकवून, की माझ्या तोंडून तेच निघायचं. बावीस वर्षं तिच्या नाकाने मी जगले होते. आता ती माझ्या नाकाने जगत होती. हे सुख सोडवत नव्हतं. उगाच दुसरं काही कारण देत नाही.

दसऱ्यापर्यंत गच्चीवर रिकामे डबे आणि ड्रमातला गोडनिंब एवढंच उरलं. माझ्या लग्नाच्याही आधीचा तो. बुंधा मनगटाएवढा, उंची माझ्यापेक्षा जास्त. इंद्रजीतने टीनचे पत्रे आणून जिन्याखाली ठेवले होते. एका सकाळी कांताबाईने मलाच वर नेलं. जिना चढताना दोनदा बसली. सहा महिन्यांत ती निम्मी झाली होती. जेवण चव लागत नाही म्हणून सोडलेलं, आणि आता धुवायला पानंही नव्हती. तरी पहाटे उठून रिकाम्या डब्यांशी बसायची. तिने एक डहाळी वाकवून माझ्यापुढे धरली. या वेळी काही विचारलं नाही.

आणि मला तिची दया आली. कुठून आली कोण जाणे. एवढीशी झालेली म्हातारी, गच्चीवर उरलेलं एकच झाड, खाली पत्रे. मी पान चुरडलं आणि म्हणाले, "येतो आई. लय चांगला वास येतो. हे राहू द्या. मी सांगते यांना, टीन नको म्हणून."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते तिने पाहिलं.

"तू बी?" म्हणाली. "तू बी दया कराले लागली माही?"

"नाही आई, खरंच येतो."

"खरं असतं तं तू रडली नसती." तिने कठड्यावरचा विळा उचलला. "सहा महिने एकदा बी तोंडदेखलं बोलली नाहीस. आता कीव येऊन राहिली म्हणून हो म्हणतेस. मले समजत नाही का?"

मी तिचा हात धरला. तिने झटकला. म्हातारीत एवढा जोर कुठून आला माहीत नाही. फांद्या भराभर पडायला लागल्या. मी "खरंच येतो, शपथ घेते," म्हणत राहिले, आणि जितकी म्हणत होते तितकी ती जोरात कापत होती. वास असा सुटला की डोळे चुरचुरावेत. गच्ची भरली, जिना भरला, गल्ली भरली.

तेवढ्यात समोरच्या घरातून ममताने हाक मारली, "का बघारत हस नीलिमा दीदी? पूरा पारा महकत हे!" म्हणजे, कशाला फोडणी देते आहेस, सगळा मोहल्ला दरवळतो आहे.

कांताबाईचा विळा थांबला. तिने ममताच्या खिडकीकडे पाहिलं, पायाजवळच्या ढिगाकडे पाहिलं. मग रिकामा टब, रिकामे खोके, पेंटचे डबे, सगळ्यांवरून तिची नजर हळूहळू फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. आधी ओठ नुसतेच हलले.

"मंग पुदिना?" तिने विचारलं. "पुदिन्याले बी येत होता का?"

खरं सांगितलं असतं तर तिथेच कोसळली असती, असं मी नंतर मनाला समजावलं. त्या वेळी असं काही मनात नव्हतं. मी घाबरले होते, बस.

"नाही आई," मी म्हणाले. "पुदिन्याले नव्हता."

तिने माझ्यावरची नजर काढली. मग म्हणाली, "बरं," आणि उरलेला बुंधा कापायला खाली वाकली.